मेजाची तक्रार

ये बाई, जरा जवळ सरक. तू तिकडे नागपुरात, मी इथे अर्जुनीत, तरी माझ्याजवळ बसल्यासारखीच हे वाच. आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. दोन महिने झाले, डॉक्टरांनी तुला नळ्यांची तपासणी सांगितली आणि तू तारीख पुढे पुढे ढकलून राहिली आहेस. हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या आईकडून कळलं. मी फोनवर विचारलं की तुझं आपलं एकच, "सगळं बरं आहे, आजी." कायले लपवतेस गं माझ्यापासून? हेच "बरं आहे" मी तुझ्याएवढी असताना एकदा नाही, तीनदा म्हणाले, आणि त्यापायी माझ्या घरात सवत येता येता राहिली. ती कशी राहिली ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही अर्धंच माहीत आहे. आणि ते सांगायचं तर आमच्या डॉक्टरीणबाईंपासून सुरुवात करावी लागेल, कारण तशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना स्वतःलाच नावाची हौस नव्हती. गोंदियाला रेल्वेलाइनीच्या अंगाला एक कवेलूच्या छपराचं घर होतं, तिथे त्यांचा दवाखाना. लोक दवाखान्याच्या पाटीवर नाव लिहितात, पदव्या लिहितात. ह्यांच्या पाटीवर एवढंच होतं: 'जोडीने या.' खाली तेच हिंदीत. स्टेशनावर टांगेवाल्याला "जोडीवाल्या बाईकडे" म्हटलं की पुरे, तो पुढचं काही विचारायचा नाही. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

जोडी म्हणजे नवरा-बायकोची. सासू-सून ही जोडी त्यांना चालत नव्हती. पण स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षंच झालेली, त्या काळी असल्या कामाला नवरा कुठला यायला? सुनेला घेऊन सासूच यायची. मग बाई सुनेचं नाव विचारायच्या आधी सासूला विचारायच्या, मुलगा कुठे आहे म्हणून. सासू म्हणायची, शेतात आहे. बाई म्हणायच्या, "रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी बियाणं भिजवून पाहता ना? की उगवलं नाही की बांधीतल्या मातीलाच शिव्या देता?" धान पिकवणारी माणसं आपण, आपल्याला ते तेव्हाच समजायचं. समजलं तरी पटायचं नाही, ते वेगळं. सासू हटून बसली तर बाई तिच्यापुढे सूप आणि लाखोळीच्या डाळीची टोपली सरकवायच्या. निवडत बसा, म्हणायच्या, तोवर मी सुनेशी बोलते. रिकाम्या बसलेल्या सासूचं डोकं चालतं, असं त्यांचं मत होतं. त्या दवाखान्यात डाळीत खडा मिळणं मुश्किल होतं बघ.

बाई मूळच्या जबलपूरकडच्या. घर मराठी, पण बोलणं निम्मं हिंदी. उंच, काटकुळ्या, पायात पुरुषी बूट. चष्म्याची तुटलेली काडी विडीच्या दोऱ्याने गुंडाळलेली. गोंदियात तेव्हा घरोघरी बाया विड्या वळायच्या, दोऱ्याला तोटा नव्हता. उजवा कान लहानपणीच गेलेला, म्हणून बोलताना डावा गाल पुढे करायच्या. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात तपासायची नळी आणि दुसऱ्यात फुटाणे. एखादी रडायला लागली की तिच्या तळहातावर चार फुटाणे ठेवायच्या. "चबाओ. तोंड चालू असलं की रडता येत नाही." मी करून पाहिलं आहे. खरंच येत नाही.

दवाखान्यामागे विहीर होती. आवारात कोणी 'वांझ' हा शब्द काढला की त्याने दहा बादल्या पाणी शेंदायचं, असा नियम. आमच्यादेखत एकदा एक मालगुजार आले होते. गावाची मालकी, ती मालगुजारी, कायद्याने गेली होती, पण ऐट शिल्लक होती. परीटघडीचं धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. सुनेकडे काठी करून त्यांनी तो शब्द काढला. बाईंनी ती काठी त्यांच्या हातातून अशी काढून घेतली, जशी काही त्यांनीच धरायला दिली होती, आणि विहिरीकडे बोट दाखवलं. टाकं भरलं की तुमच्या सुनेला आत घेते, म्हणाल्या. पाचव्या बादलीला मालगुजार घामाघूम. सून पदराआड हसून राहिलेली, आणि ओट्यावरच्या आम्ही सगळ्या माना खाली घालून पायाची बोटं पाहत बसलेल्या.

ते पाणी भोपळ्याच्या वेलाला जायचं. वेल भाजीसाठी नव्हता. भोपळ्याच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, लहानपणी त्याची पिपाणी करून तूही माझं डोकं उठवलं आहेस. नवी बाई आली की डॉक्टरीणबाई तिला एक देठ द्यायच्या. एक टोक पाण्याच्या वाटीत, दुसरं तोंडात, आणि फुंक म्हणायच्या. बुडबुडे यायचे. मग दुसरा देठ द्यायच्या, आतून चिखलाने बुजवलेला. गाल फुगायचे, बुडबुडा नाही. "तुझ्या पिशवीला अशा दोन नळ्या आहेत. बी त्यांतून येतं. मला बस इतकंच पाहायचं आहे, त्या मोकळ्या आहेत की बुजल्या." झालं. ना चित्र, ना पुस्तक. अंगठा उठवणाऱ्या बाईलाही कळायचं आणि मुख्य म्हणजे भीती निम्मी व्हायची.

आता फुंकायचं कशाने, तर एका वायूने. सोड्याच्या बाटलीत असतो तोच. त्याचं लोखंडी नळकांडं बाजारातल्या सोडावॉटरवाल्याच्या हातगाडीवरून दवाखान्यात यायचं, म्हणून खेडोपाडी बोलवा झाली की गोंदियाची बाई बायकांच्या पोटात सोडा भरते. मी जायला निघाले तेव्हा आमच्या शेजारणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, ढेकर आला तर दाबून धर, नाहीतर सगळं वाया जाईल. आणि मी, खोटं कशाला सांगू, ते ध्यानात ठेवलं होतं.

तर मी का गेले ते सांगते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पोटी काही नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाईट नव्हत्या. पण एकच मुलगा, तळ्याखालची चांगली धानाची बांधी, पुढे खाणारं कोणी नाही. त्यांच्या भावाची पोरगी देवरीकडे होती, सोळा वर्षांची. धान घरात आलं की माघात तिला आणायचं, असं भावा-बहिणीचं ठरत आलं होतं. तेव्हा दुसरी बायको करायला आमच्याकडे कोणाची आडकाठी नव्हती. मला कोणी हाकलणार नव्हतं. राहायचं, खायचं, काम करायचं, आणि तिची मुलं खेळवायची. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करायची. ती पोरगी मी पाहिली होती, साधी होती बिचारी. तिचा राग येईना म्हणून आणखीच जीव जाई.

तुझे आजोबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. त्यांचं तोंड तुला माहीतच आहे, वर्षातून चार वाक्यं. पण बाईंच्या पाटीवर काय लिहिलं आहे हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं आणि पोळा झाल्यावर एक दिवस अंगरखा घालून उभे राहिले. म्हणाले, चल, मी पन येतो. आत्याबाईही निघाल्या. आम्ही तिघं छोट्या लाइनीच्या गाडीने गोंदियाला गेलो.

बाईंनी आधी त्यांना घेतलं. हातात एक काचेची बाटली दिली, काही सांगितलं आणि मागची खोली दाखवली. ते बाहेर आले तेव्हा कानापर्यंत लाल होते. ओट्यावर येऊन खांबाकडे तोंड करून बसले. बाईंनी खिडकीशी बसून, बारकं मोठं करून दाखवणाऱ्या त्यांच्या त्या दुर्बिणीतून बाटलीतलं पाहिलं, आणि एका कानाने ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्यांच्याकडे तर मंडई भरली आहे." दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, माणसाला माणूस चिकटलेलं असतं, तसं. सगळा ओटा हसला. आत्याबाईंची मान ताठ झाली. मी मनात म्हटलं, आता खोट असली तर माझ्यातच.

गाडीत येताना आत्याबाईंनी मला एक बजावलं होतं. "तिथं दुखते-खुपते म्हनू नको. रोगट हाये म्हनून कागदावर लिहून देईल बाई, मंग तुह्या मायबापाची नाचक्की." माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं त्यांनी. आणि न सांगताही मी काही बोलले नसते. रोवणीत दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडली तरी 'दुखते' म्हणणारी सून आपल्याकडे कामचुकार ठरायची. सहा वर्षांत मी तो शब्दच विसरून गेले होते.

तपासायचं मेज म्हणजे रेल्वेच्या लिलावातून घेतलेलं जुनं सागवानी धूड. डोक्याकडची एक फळी थोडी वर आलेली. त्यावर मला निजवलं, पाय वर बांधले, खालून एक पितळेची नळी लावली. तिच्या टोकाला बुचासारखी रबराची गोंडी होती, वायू मागे परतू नये म्हणून. नळकांड्याची किल्ली फिरवली की वायू बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत आत जायचा आणि शेजारच्या काचेच्या नळीत पारा चढायचा. लाजेने मी डोळे मिटले होते, पण कान उघडे होते. बाई त्या पाऱ्याशी बोलायच्या. लहान मुलाला झाडावरून उतरवावं तसं. "चल बेटा, बहुत चढला. आता उतर. उतर ना."

पारा चढून तिथेच अडकला, तर नळ्या बुजलेल्या. भराभर उतरला, तर मोकळ्या. माझा चढला खूप, मग हळूहळू, कंटाळल्यासारखा उतरला. हे असं झालं की बाई अडचणीत यायच्या. वायू नळ्यांतून पोटात गेला म्हणून पारा उतरला, की गोंडीच्या कडेने बाहेर निसटला म्हणून, हे पारा सांगत नाही. पोटावर नळी ठेवून बुडबुड ऐकता येते, पण बाईंचा स्वतःच्या कानावर भरवसा नव्हता. मग उरली ती मेजावरची बाई स्वतः. तिला काय वाटतं, त्यावर निकाल.

त्यांनी मला उठवून बसवलं. थोडा वेळ गेला. डावा गाल पुढे करून विचारलं, "काय वाटते?"

काय वाटत होतं सांगू? उजव्या खांद्यात कोणी दाभण खुपसून फिरवतं आहे असं. मी म्हटलं, "बरं वाटते, बाई."

बाईंनी काही लिहिलं. पुढच्या महिन्यात, पाळी संपली की चार दिवसांत या, म्हणाल्या.

दसऱ्यानंतर पुन्हा गेलो. पुन्हा तेच मेज, तोच पारा, तेच दाभण, आणि मी तेच म्हणाले. त्या खेपेला ओट्यावर दवाखान्यातली दाई माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला विचारलं, बाई असं कोड्यासारखं काऊन विचारतात, काय वाटते, काय वाटते? दाई म्हणाली, नळ्या मोकळ्या असल्या तर बाईला अंगात एक खूण होते. आधी डॉक्टरीणबाई ती खूण सरळ विचारायच्या, अशी अशी होते का म्हणून. तर सगळ्याच बाया हो म्हणायच्या. डॉक्टरीणबाई एवढं विचारते आहे, नाही म्हणून तिचं मन कशाला मोडा. अशाच एकीला बाईंनी मोकळ्या आहेत म्हणून सांगितलं. ती दोन वर्षं आशेवर राहिली. मग कळलं, तिच्या दोन्ही बुजलेल्या होत्या. तेव्हापासून बाईंनी ठरवलं, खूण आपण तोंडाने सांगायची नाही, बाईने आपणहून सांगितली तरच खरी. दाईने मलाही ती सांगितली नाही.

मी सगळ्या वाटेने विचार करत आले. खूण काय असेल? मला वाटलं, पोट हलकं वाटत असेल, छातीत गार वाटत असेल, काहीतरी चांगलंच. दुखणं ही चांगली खूण असेल, असं कोणाच्या मनात येईल सांग बरं?

घरी आलं की देवरीकडचे निरोप. कधी पोरीचे मामा, कधी मावशी. धान पिवळं पडत चाललं तसतसे दिवस माझ्या अंगावर यायला लागले. कापणीला उतरलो तेव्हा मी इतकी झपाट्याने कापायची की बाकीच्या बाया मागे राहायच्या. तुझे आजोबा एकदा पेंढ्या बांधता बांधता म्हणाले, "एवढी घाई कायले करतेस, धान घरात आलं म्हंजे तुलेच जड जाईल." तेवढंच बोलले. पण मला कळलं की ह्या माणसालाही ते नको आहे.

तिसऱ्या खेपेला मी आणि आत्याबाईच गेलो, ते खळ्यावर होते. ह्या वेळी पाटीचा नियम बाईंनी आमच्यासाठी सोडला. आत्याबाई ओट्यावर डाळ निवडायला बसल्या, मी आत मेजावर. पारा चढला, अडला, रेंगाळत उतरला. बाई त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला बसवलं. विचारलं. मी बरं वाटते म्हटलं, आणि त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला.

"तीन वेळा पाहिलं," त्या म्हणाल्या. "आणखी पाहून उपयोग नाही. मला वाटतं, वायू मागे निसटतो आहे. दोन्ही बुजल्या आहेत असंच लिहावं लागेल." आणि खुर्चीवर बसून दौत जवळ ओढली.

मी रडले नाही. मला एकदम रिकामं वाटलं, खळ्यावरचं धान उचलून नेल्यावर जागा दिसते तसं. आता राखायचं काही उरलं नव्हतं. रोगट म्हणून लिहिलं काय आणि न लिहिलं काय. मेजावरून उतरून लुगडं नीट करताना माझ्या मनात दुसरंच आलं, बाहेर एक नवी पोर बसली होती, माझ्यानंतर तिचा नंबर होता.

मी म्हटलं, "बाई, एक सांगू?"

"बोल."

"माझं झालं ते झालं. पन तुमचं हे मेज दुरुस्त करून घ्या. डोक्याकडची फळी वर आली हाये. दर खेपेस उठून बसलं की उजव्या खांद्यात दाभन टोचल्यावानी दुखते. बाहेरच्या पोरीले त्रास होईल."

बाईंचा टाक कागदावर तसाच राहिला. शाईचा मोठा ठिपका पडला, तो मला अजून दिसतो.

"दर खेपेस?"

"तिन्ही खेपेस."

"आत्ता?"

"आत्ता पन दुखून राहिला."

त्या उठल्या. मला दंडाला धरून पुन्हा मेजावर आडवं केलं, ह्या वेळी डोकं दुसऱ्या बाजूला, जिथे फळी सपाट होती. थोड्या वेळाने विचारलं. मी म्हटलं, गेलं. उठून बस, म्हणाल्या. बसले. आलं. पुन्हा निजवलं, गेलं. पुन्हा बसवलं, आलं. असं चारदा केलं. कणीक मळून मळून पाहावी तसं माझं चाललं होतं.

मग त्या स्टुलावर बसल्या, खिशात हात घातला, चार फुटाणे काढले आणि स्वतःच्या तोंडात टाकले.

"तीन महिने," त्या चावता चावता म्हणाल्या, "तीन महिने मी तुझ्या खांद्याची वाट पाहते आहे. एकदा तरी बोलायचं होतं ना, मेरी माँ."

मी खाली मान घालून सांगितलं, की दुखते म्हटलं तर रोगट म्हणून लिहाल, अशी धास्ती होती. मग त्यांनी मला समजावलं. नळ्या मोकळ्या असल्या तर वायू त्यांतून पोटाच्या पोकळीत जातो. बाई उठून बसली की तो वर चढतो, पोट आणि छातीच्या मधे एक पडदा आहे त्याला लागतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकच. म्हणून तिथे लागलं की इथे दुखतं. निजलं की वायू सरकतो आणि दुखणं जातं. मेजाचा काही दोष नाही.

तो ठिपक्याचा कागद त्यांनी फाडला. आत्याबाईंना आत बोलावून सगळं पुन्हा सांगितलं. आत्याबाई मांडीवरची डाळ झटकत आल्या होत्या, त्यांना आधी काही उमगेना.

"खांदा दुखते, तं नळी कशी मोकळी?"

बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. आत्याबाईंनी सरळच विचारलं, मंग पोर होईल काय?

"ते मी लिहून देणार नाही," बाई म्हणाल्या. "कोणीही देऊ शकत नाही. वाट मोकळी आहे, एवढं लिहून देते. आता वाट पाहायची ती त्या दोघांना पाहू द्या. तिसरी आणू नका."

आता थोडं पुढचं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. त्या दिवसापासून बाईंनी विचारायची तऱ्हाच बदलली. काय वाटते, हे बंद. तपासणी झाली की बाईला उठवून बसवायच्या आणि म्हणायच्या, "आता माझ्या ह्या मेजाबद्दल तक्रार सांग." स्वतःच्या अंगाबद्दल अवाक्षर न काढणाऱ्या बाया मेजाबद्दल भडाभडा बोलायच्या. लाकूड टोचते, फळी वाकडी हाये, खांद्यात चमक भरली, सुताराले दाखवा. कोणी म्हणायची, पायाकडे थंडी वाजते. ती खूण नव्हे. पण जी खांद्याचं नाव काढायची, तिच्या कागदावर बाई हसून लिहायच्या. सुतार मात्र त्यांनी कधी बोलावला नाही. दाई मला म्हणाली होती, त्या मेजाची जितकी बदनामी झाली तितकी गोंदियात कोणाची झाली नसेल.

हे मला कळलं ते दोन वर्षांनी, तुझ्या आईला घेऊन गेले तेव्हा. ती चार महिन्यांची होती, नवं झबलं, डोळ्यांत काजळ, मी मोठ्या हौसेने बाईंपुढे धरली. तर बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही आधी. माझा उजवा हात वर उचलून फिरवून पाहिला आणि विचारलं, खांदा कसा आहे? मग तुझ्या आईच्या मुठीत एक फुटाणा ठेवला आणि लगेच आठवण होऊन काढूनही घेतला. पुढे काही वर्षांनी त्या गोंदिया सोडून गेल्या. कोणी म्हणे जबलपूरला, कोणी म्हणे आणखी आत, जंगलाकडे. मी तपास केला, लागला नाही. तिथेही त्यांनी एखादा वेल लावलाच असेल.

पण मी त्या तिसऱ्या खेपेचं सांगत होते. आम्ही परतीच्या गाडीत बसलो. बाजार करून परतणाऱ्या लोकांनी डबा गच्च भरलेला, टोपल्या, कोंबड्या, विडीची पानं. मी बाकाच्या कडेला अंग चोरून बसले. बसलं की दुखत होतं, पण सासूसमोर, परक्या माणसांसमोर आडवं कसं होणार? हिरडामालीचं स्टेशन मागे पडलं. कागद आत्याबाईंनी कनवटीला खोचला होता, त्यावर सारखा हात जात होता. मग एकाएकी त्या बाकावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "इकडं ये. डोस्कं ठेव इथं."

मी म्हटलं, "लोकं पाहून राहिले, आत्याबाई."

"पाहू दे."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सहा वर्षांत त्यांच्यापुढे मी कधी पाय लांब करून बसलेही नव्हते. गाडी हलत होती, त्यांच्या लुगड्याला लाखोळीच्या भुशाचा वास येत होता.

"मीच म्हनलं होतं न तुले, दुखते म्हनू नको."

त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दुखते काय आता?"

निजल्यावर बरंच कमी झालं होतं. पण मी म्हटलं, "दुखते, आत्याबाई." आणि मला रडू फुटलं. फुटाणे नव्हते जवळ. त्यांनी त्यांचा तो कष्टाने खरबरीत झालेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि सौंदड येईपर्यंत दाबत राहिल्या. सौंदडला गाडी थांबली तेव्हा त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "उद्या भावाले निरोप धाडीन. पोरीसाठी दुसरं घर पाहा म्हनून." त्या पोरीला चांगलं घर मिळालं हो. पुढे आम्ही एकमेकींच्या घरच्या लग्नांना जात राहिलो.

तर असं आहे, पोरी. तुझ्या तपासणीत आता काय काय असतं, मला माहीत नाही. फोटो काढतात म्हणे, पडद्यावर दिसतं म्हणे. तुझ्या नळ्या मोकळ्या निघतील की बुजलेल्या, हेही मी सांगू शकत नाही. बुजलेल्या निघाल्या तरी आता उपाय आहेत, बाईंच्या हाताशी ते नव्हते. पण कळल्याशिवाय कोणी काही करू शकणार नाही, आणि तू बोलल्याशिवाय कोणाला काही कळणार नाही. नातजावयांना सांग, आईला सांग, डॉक्टरला सांग. कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, सगळं सांग. उद्या सकाळी पहिल्यांदा तारीख घे.

आणि तपासणी झाली की घरी जाऊन एकटी बसू नकोस. कागदात काहीही लिहिलेलं असो, दोन दिवसांची रजा काढ आणि सरळ इकडची गाडी धर. लवकरचं धान निघालं आहे, नव्या धानाचे पोहे कांडून ठेवते. मागच्या अंगणात ऊन छान येतं, तिथे खाट टाकून देते तुला. दिवाळीची वाट पाहू नको, माझं वय वाट पाहण्याचं राहिलेलं नाही. ये बाई लवकर.